सांधा

मला मराठी कोणी शिकवली असे विचारले की मी शाळेचे नाव सांगतो. ते खोटे नाही. शाळेने मला मराठी वाचायला आणि लिहायला शिकवले. मराठी ऐकायला मात्र मला शिकवले ते सोलापुरातल्या एका छापखान्यात प्रुफे तपासणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी. सगळे त्यांना नाना म्हणत, म्हणून मीही नाना म्हणू लागलो. तेलुगूत ‘नान्ना’ म्हणजे वडील. सुरुवातीला ते नाव तोंडात आले की मला अवघडल्यासारखे होई. पुढे ते नाव त्यांना शोभते असेच वाटू लागले. त्यांचे पूर्ण नाव इथे देत नाही. आपले नाव कुठे छापलेले त्यांना कधीच नको असे.

आमचे घर शहराच्या पूर्व भागात, दाजी पेठेच्या बाजूला. आजोबा तेलंगणातल्या सिरसिल्ल्याकडून मागावर काम करायला सोलापूरला आले आणि इथलेच झाले. वडील यंत्रमागावर होते. आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, रस्त्यावर उर्दूच्या वळणाची हिंदी आणि शाळेत मराठी, अशा चार भाषा आमच्या पोरांच्या तोंडात असत. त्यात मराठी सर्वांत उशिरा आली आणि तिच्याविषयी सर्वांत जास्त धाक होता. छोटे शब्द जमत. लांब शब्द आला की मी तो एका दमात, सपाट वाचून टाकायचो. त्याच्या आत काही रचना असते हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

याला एक साधे कारण होते, पण ते मला कोणी सांगितले नव्हते. तेलुगूतला शब्द स्वराने संपतो आणि लिहिलेला प्रत्येक ‘अ’ तेलुगू माणूस पुरता उच्चारतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. हाच शब्द दुसऱ्या शब्दाला जोडला गेला तरी आपली ही सवय सोडत नाही. ‘घरकाम’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी ‘घर्-काम’ असा येतो. जिथे तो ‘अ’ गळतो तिथे एक शब्द संपून दुसरा सुरू झाला, हे मराठी कानाला न सांगता कळते. मी मात्र घ-र-का-म अशी चार अक्षरे सारख्या वजनाने म्हणत असे. मला सांधा ऐकूच येत नव्हता, त्यामुळे अर्थही अर्धाच कळत होता.

दहावीनंतर घरी हातभार लावणे भाग होते. ओळखीने त्या छापखान्यात लागलो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सहकारी संस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादा कवितासंग्रह आणि एक साप्ताहिक, अशी तिथली कामे. शिशाचे खिळे हाताने जुळवण्याचा काळ होता. जुळारी ओळी जुळवून गॅली बांधत, तिचे प्रूफ काढले जाई आणि ते नानांच्या टेबलावर येई. माझे काम मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचण्याचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळे तोंडाने म्हणायचे. नाना प्रुफावर पेन्सिल ठेवून ऐकत आणि खुणा करत जात.

एका लेखात ‘जनगणना’ हा शब्द होता. मी माझ्या पद्धतीने ज-न-ग-ण-ना असा वाचला. नानांची पेन्सिल थांबली. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “सांधा कुठे आहे रे?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी प्रुफाच्या समासात शब्द लिहिला, मधे एक उभी रेघ मारली आणि दोन्ही भाग म्हणून दाखवले. जन्. गण्ना. जनांची गणना. “आता असं म्हण, की ऐकणाऱ्याला ही रेघ दिसली पाहिजे.” त्यानंतर त्यांनी ‘नवलकथा’ हा शब्द दिला. त्यात नवल्-कथा असे न म्हणता कोणी नव्-लक्था म्हटले तर उरते काय, हे त्यांनी मलाच म्हणून बघायला लावले. अक्षरे तीच, क्रम तोच, फक्त ‘अ’ चुकीच्या जागी गळला, आणि शब्द नाहीसा झाला. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा फटीत असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या दिवसापासून रोजचे वाचन म्हणजे माझी शाळाच झाली. शाळेत मी तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही ही नावे परीक्षेपुरती पाठ केली होती. नानांनी नावे बाजूला ठेवली. ते शब्द देत आणि विचारत, यात किती शब्द आहेत, त्यातला मुख्य कोणता, आणि दोघांच्या मधून काय गळले आहे. तिसरा प्रश्न त्यांचा आवडता. हातमाग म्हणजे हाताने चालणारा माग. भुईकोट म्हणजे भुईवरचा कोट; आपला किल्ला डोंगरावर नाही, म्हणून. सूतगिरणी, सुताची गिरणी. मीठभाकर, मीठ आणि भाकर आणि त्याबरोबर असेल ते गरिबाचे कोरडेसाधे. आमच्या सोलापूरची शेंगाचटणी म्हणजे शेंगा कुटून केलेली चटणी. पुरणपोळी आणि साखरभात हे शब्दही याच जातीचे. मधले ‘कुटून केलेली’, ‘घालून केलेली’ हे शब्द समास होताना गळतात, म्हणून व्याकरणात त्याला मध्यमपदलोपी म्हणतात.

मग त्यांनी विचारले, “विडीकामगार?” मी म्हणालो, विड्या वळणारे कामगार. म्हणताना लक्षात आले की ‘वळणारे’ हा शब्द छापलेल्या शब्दात कुठेच नाही. सकाळी पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा, हे आईचे सगळे आयुष्य त्या गळलेल्या शब्दात होते. नानांना मी तेव्हा काही बोललो नाही. पण समास म्हणजे परीक्षेतला चार गुणांचा प्रश्न, ही माझी समजूत तिथे संपली.

साप्ताहिकाचे रकाने अरुंद असत. लांब शब्द ओळीच्या शेवटी आला की जागा पुरायची नाही. जुळाऱ्याला घाई असे. तो सापडेल तिथे शब्द तोडून संयोगचिन्ह टाकी. ‘महावि-द्यालय’ असे प्रूफ आले की नाना ते हमखास बदलत. व्याकरणाच्या शालेय पुस्तकात या चिन्हाचे दोन उपयोग दिलेले असतात: दोन शब्द जोडणे आणि ओळीच्या शेवटी शब्द अपुरा राहिल्याचे दाखवणे. नानांचे म्हणणे होते की दुसरा उपयोग करतानाही पहिला विसरू नये. तोडायचाच तर शब्द जिथे जोडला होता तिथे तोडावा. महा-विद्यालय. म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा खालच्या ओळीवर जाईपर्यंत वरच्या ओळीत एक पुरा अर्थ त्याच्या हाती असतो. जोडाक्षराच्या मधे कधी तोडू नये, एकटे अक्षर ओळीच्या शेवटी किंवा सुरुवातीला टाकू नये, आणि तुकडा पडून भलताच अर्थ निघत असेल तर तोडूच नये.

याहून अवघड प्रश्न संधीचा होता. ‘वाचनालय’ हा शब्द वाचन आणि आलय यांचा. पण सांधा ‘ना’ या एका अक्षराच्या पोटात आहे. वाचना-लय असे तोडले तर खाली ‘लय’ उरतो आणि वरचा ‘वाचना’ हा कोणताच शब्द नाही. ‘जिल्हाधिकारी’ तर मोठा नमुनेदार शब्द. जिल्हा अरबीतून आलेला, अधिकारी संस्कृत, आणि तरी दोघांची संधी पाणिनीच्या नियमाने झालेली. आ आणि अ मिळून आ. तो आ या पदाचाही आणि त्या पदाचाही. जिल्हा-धिकारी असे तोडले तर दुसऱ्या पदाचे डोकेच वर राहते. अशा वेळी नाना जुळाऱ्याला म्हणत, “ओळ सैल कर. शब्द राहू दे.” खिळ्यांच्या जुळणीत ओळ सैल करणे म्हणजे शब्दाशब्दांत नव्या पट्ट्या घालत बसणे, ते कष्टाचे काम होते आणि ते सांगताना नाना स्वतः जुळाऱ्याजवळ जाऊन उभे राहत.

‘मंत्रिमंडळ’ हा शब्द मी अनेकदा दीर्घ ‘त्री’ने लिहिलेला पाहिला होता आणि मला तोच बरोबर वाटे, ‘मंत्री’ दीर्घ, मग मंडळ जोडल्यावर तो ऱ्हस्व का व्हावा? नानांनी कपाटातून मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढले. १९११ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ त्यांच्याकडे उशाशी असल्यासारखा असे. मूळ शब्द मंत्रिन्. मराठीत एकटा येतो तेव्हा न् जातो आणि इ दीर्घ होते. समासात पहिल्या जागी येतो तेव्हा फक्त न् जातो, इ ऱ्हस्वच राहते. म्हणून मंत्रिमंडळ, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, विद्यार्थिवसतिगृह. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये केलेल्या आणि शासनाने स्वीकारलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही हे आहे. अस्सल मराठी शब्दही सांध्याशी आपले रूप बदलतात: पाणी एकटे असते तेव्हा पाणी, पण पाणवठा, पाणकोंबडी, घोडा, पण घोडदौड. नाना म्हणत, शब्दाचे खरे रूप त्याच्या एकटेपणात दिसत नाही, तो दुसऱ्याला जोडला गेला की दिसते.

असेच एकदा बोलता बोलता त्यांनी विचारले, “तुमच्या तेलुगूत हातमागाला काय म्हणतात?”

मी म्हणालो, “चेनेत.”

“सांधा कुठे आहे?”

मी गप्प झालो. चेनेत हा शब्द मी जन्मापासून ऐकत होतो. त्याला आत काही असेल असा विचार मी कधी केला नव्हता. पण विचारल्यावर तो आपोआप उघडला. चेयि म्हणजे हात, नेत म्हणजे विणकाम. हाताने विणणे. आणि पाणीचे पाण व्हावे तसे चेयिचे ‘चे’ झाले होते. मी हे सांगितल्यावर नानांनी ते कागदावर देवनागरीत लिहून घेतले, एखाद्या पंडिताकडून लिहून घ्यावे तसे. आमच्या घरची भाषा ही फक्त घरात बोलायची गोष्ट नाही, तिलाही व्याकरण आहे, तिच्यातही सांधे आहेत आणि मराठी जाणणारा एक विद्वान माणूस ते माझ्याकडून शिकू इच्छितो, हे मला तोपर्यंत कोणी दाखवले नव्हते. मी मराठीचा धाक बाळगणे त्या दिवशी सोडले असे म्हटले तरी चालेल. नानांनी त्याविषयी एक शब्दही उपदेश केला नव्हता.

माझ्या तेलुगू जिभेची एक गोष्ट पुढे त्यांनीच वाखाणली. कवितासंग्रहाची प्रुफे आली की ती वृत्तात वाचावी लागत. अक्षरगणवृत्तात लिहिलेला प्रत्येक ‘अ’ मोजला जातो, तो बोलण्यातल्यासारखा गळून चालत नाही. लघु कोणता, गुरू कोणता हे कानाने ठरते. ‘बुद्धि’ हा शब्द लिहिताना बु आणि द्धि असा दिसतो, पण तोंड त्याला बुद्-धि असा तोडते. पहिल्या अक्षरावर द्चा भार येतो, म्हणून ऱ्हस्व असूनही ते गुरू. लिहिण्यातले अक्षर आणि उच्चारातले अक्षर यांच्या सीमा वेगळ्या असतात, हे मला तिथे कळले. श्लोक वाचताना मी सगळे ‘अ’ पुरते म्हणायचो आणि मात्रा बरोबर बसायच्या. “हे मात्र तू आमच्यापेक्षा बरं म्हणतोस,” असे नाना म्हणाले होते. त्यांनी फार कमी वेळा कोणाची स्तुती केली असेल.

इंद्रशत्रूची गोष्टही त्यांच्याकडूनच ऐकली. पतंजलीच्या महाभाष्याच्या सुरुवातीलाच तिचा उल्लेख येतो. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाचा शेवट उदात्त, म्हणजे उंच स्वराचा, असता तर तो तत्पुरुष, म्हणजे इंद्राचा शत्रू, इंद्राला मारणारा. यज्ञात स्वर पहिल्या पदावर पडला आणि तो बहुव्रीही झाला: इंद्र ज्याचा शत्रू, इंद्र ज्याला मारील तो. त्वष्ट्याचा तो पुत्र, वृत्र, मारला गेला. समासाचा अर्थ स्वरावर किती अवलंबून असतो हे सांगायला आपल्या वैयाकरणांनी ही कथा हजारो वर्षे जपली. मला ती ऐकताना आमच्या टेबलावरचे वाचन आठवत होते.

सोलापूर या नावाचाही सांधा नाना दाखवत. सोळा गावे मिळून सोला-पूर, असे शहरात सगळेच सांगतात आणि त्या सोळा गावांची यादीही मिळते. पण जुने नाव सोन्नलगे किंवा सोन्नलगी, शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळचे. मोहोळ तालुक्यातल्या कामती इथे सापडलेल्या शके १२३८ च्या शिलालेखात सोनलीपूर असे नाव आहे, आणि किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर. म्हणजे पूर हे पद खरे, पण त्याच्या आधीचे सोळा नव्हे, सोन्नल. मधला ‘न’ झिजला आणि लोकांनी उरलेल्या शब्दाला आपल्या ओळखीचा अर्थ दिला. नानांचा त्या लोककथेवर राग नव्हता. न कळणाऱ्या शब्दात माणसाला सांधा हवाच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. मीही लहानपणी तसाच सांधा शोधत होतो.

पुढे त्यांनी मला ग्रंथालयात नेऊन एक जाड इंग्रजी पुस्तक दाखवले. ‘यशस्तिलक अँड इंडियन कल्चर’, लेखक कृष्णकांत हंडिकी, सोलापूर, १९४९. हंडिकी आसामचे, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांचा हा ग्रंथ आमच्या शहरातल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत काढला. त्याच मालेत १९४३ मध्ये ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग निघाला होता, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाने. चादरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून अशी पुस्तके निघाली, हे मला ठाऊकही नव्हते. पूर्व भागातल्या किती जणांना आजही ठाऊक असेल, मला शंका आहे.

‘यशस्तिलक’ हे सोमदेवसूरींचे चंपूकाव्य, शके ८८१, म्हणजे इ.स. ९५९ चे. त्याच्या गद्यात अनेक ओळी चालणारे समास आहेत. क्रियापद कुठेतरी लांब, आणि तोपर्यंत शब्दाला शब्द लागत गेलेला. मला त्यातले फार कळले नाही, आजही कळते असे म्हणणार नाही. पण नानांनी एक गोष्ट वाचून दाखवली. सोमदेव ज्या चालुक्य सामंतांच्या आश्रयाला होते त्यांची राजधानी वेमुलवाडा. परभणीला मिळालेल्या इ.स. ९६६ च्या ताम्रपटात अरिकेसरी राजाने तिथल्या जिनालयासाठी सोमदेवांना दिलेल्या दानाची नोंद आहे. वेमुलवाडा म्हणजे सिरसिल्ल्याच्या अगदी शेजारचे गाव. माझ्या आजोबांच्या तोंडी त्याचे नाव नेहमी असे, तिथल्या राजन्नाच्या देवळामुळे. ज्या मुलखातून आम्ही सूत विणायला आलो, त्याच मुलखात हजार वर्षांपूर्वी हे एवढाले समास रचले गेले होते आणि त्यांच्यावरचा मोठा ग्रंथ आम्ही येऊन राहिलो त्या गावातून निघाला होता. नानांनी पुस्तक माझ्या पुढे सरकवले आणि ते दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले. मला एकट्याला वाचू देण्याची त्यांची ही पद्धत होती.

संगणकावरची जुळणी आली तसा तो छापखाना बंद झाला. नानांची दृष्टीही मंदावली होती. मला दुसरीकडे मुद्रितशोधकाचे काम मिळाले आणि त्यावर माझा संसार झाला. मुलगी शिकली. लग्नानंतर ती नेदरलँड्सला, आइंडहोवनला गेली. नाना त्याआधीच गेले होते.

तिथे कायमचे राहायचे तर बाहेरून आलेल्या बहुतेकांना डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. मुलीने एकदा फोनवर रडवेल्या आवाजात सांगितले की शब्द संपतच नाहीत. तिने एका विम्याच्या पत्रातला शब्द पाठवला. रोमन लिपीतली तेहतीस अक्षरे, मधे कुठे मोकळी जागा नाही. उच्चार साधारण आर्बेइट्स-ऑनखस्खिक्टहेइट्स-फरझेकरिंग असा. मला डचचे एक अक्षर येत नव्हते. मी तिला विचारले, यात तुला ओळखीचा कोणता शब्द दिसतो? ती म्हणाली, शेवटचा, फरझेकरिंग म्हणजे विमा. मी म्हणालो, मग तो मुख्य. आता मागे जा. आर्बेइट म्हणजे काम. मधला शब्द शोधला तर तो अक्षमता निघाला. कामासाठीच्या अक्षमतेचा विमा. उजवीकडचे पद मुख्य आणि डावीकडची पदे त्याला जोडलेली, अगदी आपल्या तत्पुरुषासारखे. फक्त दोन सांध्यांवर एकेक जादा ‘स’ होता, ज्याला स्वतःचा अर्थ नव्हता. तिच्या शिक्षिकेने सांगितले की तो जोडणारा वर्ण असतो आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर तो मागच्या पदाबरोबर जातो. डचमध्ये नियमच असा आहे की आधी समासाचा सांधा पाहायचा, तिथे तोडायचे. मग एकेका पदाच्या आत उच्चाराप्रमाणे. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्या अक्षराचे, वा-टर. दोन असतील तर बहुधा वाटून, मोर्-खन. मला नानांचे टेबल आठवले. बुद्-धि.

त्यानंतर मुलगी रोज शब्द पाठवू लागली आणि आम्ही दोघे ते सोडवू लागलो. ‘फाल्कौल’ असा एक शब्द आहे. फाल-कौल असा तोडला तर सापळ्याचा खड्डा. फाल्क-औल असा तोडला तर ससाणा आणि घुबड. तिथल्या लोकांची ही आवडती गंमत आहे म्हणे. मला त्यात नवलकथा दिसली. छातीला तांबडा रंग असलेल्या एका पक्ष्याला ते लालछाती अशा अर्थाचेच नाव देतात. मी तिला म्हणालो, हा बहुव्रीही, आपल्या नीलकंठासारखा. आपला नीलकंठही पक्षी आहे आणि शंकरही. युरोपातले भाषाशास्त्रज्ञ या प्रकाराला आजही बहुव्रीही असेच नाव वापरतात हे मी तिला सांगितले तेव्हा तिला फार बरे वाटले. परक्या देशात आपली एक गोष्ट आधीपासून तिथे होती, असे काहीसे.

एका शब्दावर तर मी बराच वेळ थांबलो. पॅनकेकला ते पानकूक म्हणतात. १९९५ च्या शुद्धलेखन-सुधारणेत या शब्दाच्या सांध्यावर एक ‘न’ घालायचा ठरला. बहुतेक लोक तो उच्चारत नाहीत, फक्त लिहितात. त्यावर तिथे मोठा वाद झाला. बोलताना मंत्रिमंडळातला ‘त्रि’ ऱ्हस्व की दीर्घ हे आपल्याकडेही कुणाला ऐकू येत नाही, पण लिहिताना त्यावर भांडणे होतात. कानाला न कळणाऱ्या सांध्यासाठी दोन्ही देशांना नियम करावे लागले. नानांना हे सांगता आले असते तर त्यांनी तो डच शब्दही कागदावर लिहून घेतला असता.

मुलगी परीक्षा पास झाली. तिने आभार मानायला फोन केला तेव्हा मी तिला नानांविषयी सांगितले. ती त्यांना कधी भेटली नव्हती. त्यांनी तिच्यासाठी काही केले आहे हे तिला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला, आणि मला ते नीट सांगता आले असेही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी अजून प्रुफे पाहतो. आता ओळी संगणक तोडतो. त्याच्या मराठी नियमांना अक्षर कळते, सांधा कळत नाही. जोडाक्षर तो फोडत नाही, पण ‘जनग-णना’ त्याला चालते. जिथे मी काम करतो तिथल्या मुलांना मी एक पान लिहून दिले आहे. समासाचा सांधा आधी पाहा. संधी झालेला शब्द शक्यतो तोडू नका, ओळ सैल करा. एकटे अक्षर टाकू नका. शंका आली तर मोठ्याने म्हणून बघा. ते पान भिंतीवर चिकटवलेले आहे. त्याच्या खाली कोणाचे नाव नाही. मुलांना ते माझे वाटते. ते नानांचे आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.